नऊ पायऱ्यांचं मचाण

"खिळा नको, बोल्ट घाल," रेइनो खालून म्हणाला.

आइलाच्या हातात बोल्टच होता आणि ते त्याला खुर्चीतून स्वच्छ दिसत होतं. पण चाळीस वर्षं सुतारकाम केलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर दुसऱ्या कुणी हातोडी उचलली की त्याच्या जिभेला कंड सुटतोच. सहासष्ट वर्षांची आइला एक हात हेमलॉकच्या खोडाभोवती टाकून दुसऱ्या हाताने पाना फिरवत राहिली.

"एका बाजूचं भोक लांबट ठेवलंयस ना? झाडं वाऱ्याने हलतात. दोन्हीकडून आवळलंस तर पहिल्याच वादळात सगळं उपटून येईल."

"ठेवलंय."

"किती?"

"दोन इंच. काल सांगितलंस, परवा सांगितलंस. आता झोपेत तेवढं सांगायचं राहिलंय."

"झोपेत तू घोरतेस. ऐकू कसं जाणार?"

ती हसली नाही. पूर्वी हसली असती. तिचे खांदे भरून आले होते आणि अजून एक तुळई बसवायची होती.

रेइनो हाकालाच्या कंपवाताचं हे सहावं वर्ष. उजवा हात मांडीवर आपला आपण थरथरत राहायचा, आणि पायांचं तर काही खरं नव्हतं. दारात आले की मध्येच रुतून बसायचे. जुनं मचाण जुलैच्या वादळात झाडासकट आडवं झालं, तेव्हा खरं सांगायचं तर आइलाला हायसं वाटलं होतं. चला, हा विषय परस्पर मिटला. पण ऑगस्टमध्ये रेइनोने स्वयंपाकघराच्या टेबलावर कागद मागून घेतला आणि नव्या मचाणाचा नकाशा काढला. रेघा सगळ्या वेड्यावाकड्या. मापं मात्र बिनचूक. जमिनीपासून दहा फूट, ओढ्याकडे तोंड, पाठीला कठडा. पंधरा नोव्हेंबरला उजाडताना आपण त्यात बसणार, असं त्याने जाहीर करून टाकलं. मिशिगनच्या त्या उत्तरेकडच्या मुलखात पंधरा नोव्हेंबरला हरणांची शिकार सुरू होते. त्या दिवशी शाळा बंद असतात आणि लग्नाची तारीख तर कुणीच धरत नाही.

"दुकानात तयार लोखंडी मिळतं की," शेजारचा व्हर्नन म्हणाला होता. "नाहीतर खाली तंबू लाव आणि बस मजेत."

"तंबूत बसून गोठलेल्या तळ्यावर मासे धरतात," रेइनो म्हणाला. "मी काय मासे धरायला चाललोय?"

मग बांधणारं कोण? आइला. सकाळी सहाला त्याच्या गोळ्या, मग आंघोळ, दाढी, शर्टाची बटणं, लापशी; त्यानंतर त्याला चारचाकी गाडीवर बसवून रानात, तीन तास फळ्या आणि बोल्ट; परत येऊन जेवण, गोळ्या, त्याची झोप, कपडे धुणं, पुन्हा गोळ्या. संध्याकाळी बूट काढायला ती पायरीवर बसायची आणि एक बूट हातात घेऊन तशीच बसून राहायची. दुसरा बूट काढायचा कंटाळा यावा, इतकी ती थकली होती. पण हे कुणाला सांगणार? लोक विचारायचे ते रेइनोची तब्येत कशी आहे एवढंच.

शिडी शेवटची. तिच्यासाठी त्याने मेपलची एक काठी मापून कापून घेतली होती, बरोबर एक फुटाची.

"दोन पायऱ्यांत ही काठी धरायची. याच्याहून वर माझा पाय जात नाही. दहा फुटाला नऊ पायऱ्या, आणि दहावं पाऊल मचाणावर. कळलं?"

"कळलं."

कळलं तर होतंच. त्या दुपारी तो झोपला असताना ती गॅरेजमध्ये दोन उभे वासे आडवे टाकून बसली. समोर काठी होती. ऑक्टोबरात तो दोनदा न्हाणीघरात पडला होता. दुसऱ्यांदा नव्वद किलोचा तो देह तिला उचलेना, तेव्हा व्हर्नन येईपर्यंत चाळीस मिनिटं ती त्याच्याशेजारी ओल्या फरशीवर बसून होती. तो दहा फुटांवरून पडला तर? आणि "नको चढूस" म्हणून सांगायचं कुणी? डॉक्टरांनी सांगून पाहिलं होतं. रेइनोने त्यांना तुम्ही कधी हरीण मारलंय का, असं उलट विचारलं.

त्याचं त्यालाच जमलं नाही तर? कुणी नको म्हणायला नको, भांडण नको. एक पाऊल टाकेल, दुसरं टाकेल, आणि आपणच खाली उतरेल.

आइलाने काठी बाजूला ठेवली, टेप घेतली आणि पंधरा इंचांवर खुणा केल्या. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत तिने नवऱ्याला असं फसवलं नव्हतं. पेन्सिल धरलेला हात मात्र जराही कापला नाही. त्याचंच तिला नंतर वाईट वाटलं.

बारा तारखेला व्हर्ननने शिडी उभी करायला मदत केली. तो खालून वर बघत म्हणाला, "जरा टांग ताणावी लागतेय गं. रेइनोला झेपेल?"

"तू बोल्ट आवळ," आइला म्हणाली.

मग ती रेइनोला घेऊन आली. बर्फाची पातळ साय जमिनीवर पडली होती. गाडीवरून उतरून, चालायच्या काठीवर रेलून तो उभा राहिला आणि वर बघत राहिला. कठडा पाहिला, तुळया पाहिल्या, लांबट भोकं पाहिली. त्याचा चेहरा खुलत चालला होता. "अगं, हे तर माझ्यापेक्षा चांगलं केलंयस," तो म्हणाला. मग त्याची नजर शिडीवर उतरली. ओठ हलले. तो मोजत होता.

"सात," तो म्हणाला.

व्हर्ननला एकदम घरी काहीतरी काम आठवलं. तो गेला.

"सात कशा, आइला?"

चुकून झालं, असं म्हणता आलं असतं. तेवढं तिच्या तोंडापर्यंत आलंही. पण त्यासाठी लागणारं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

"पंधरा इंचांवर लावल्यात. मुद्दाम."

"मुद्दाम?"

"तू चढू नयेस म्हणून. तू पडलास तर तुला उचलणार कोण? मीच ना? रात्रंदिवस मीच उचलतेय तुला, रेइनो! मी थकले. मला कुणी विचारतं का? मी इतकी थकलेय की कधीकधी वाटतं, तुझ्याऐवजी मीच पडावं, म्हणजे पडून तरी राहता येईल."

रानात तिचा आवाज फार मोठा वाटला. कुठूनतरी एक खार चिडून ओरडली. रेइनोला राग आला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हातारा दिसला.

"घरी चल," तो म्हणाला.

त्या दिवशी तो तिच्या हातून जेवला, गोळ्या घेतल्या, बटणं लावून घेतली. एरवी कोट अडकवायची खुंटीसुद्धा तिरकी लागली म्हणून तासभर बोलणारा माणूस, तो एक शब्दही बोलला नाही. आइलाने खिमा-बटाटा भरून मोठ्या करंजीसारख्या पेस्ट्या केल्या, त्याला आवडतात तशा, कडेला जास्त भाजलेल्या. त्याने अर्धी खाल्ली आणि बशी सरकवली. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिने उरलेली उभ्याउभ्याच टाकून दिली.

तेरा तारखेला व्हर्ननला त्याच्याजवळ बसवून ती एकटी रानात गेली. सातही पायऱ्या काढल्या. मग मेपलची काठी धरून, एकेक पायरी मोजून नऊ लावल्या. दोन नव्या फळ्या जागेवरच कापल्या. गार लोखंडाने बोटांची कातडी सोलली. मध्येच ती रडली, मग हातमोज्याने नाक पुसून पुढची पायरी लावायला घेतली. पडायचा असेल तर पडू दे, पण माझ्या खोटेपणामुळे नको, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

चौदाला दुपारी तिने त्याला परत नेलं. त्याने मोजल्या. नऊ.

"पट्टा बांध," तो म्हणाला.

तिने त्याच्या छातीभोवती पट्टा आवळला आणि दोर वरच्या फांदीवरून घेतला. तो चढू लागला. पहिली पायरी. दुसरी. तिसरीला तो थांबला, धापा टाकल्या, आणि चौथी चढला. आइला मागोमाग होती, तिचा खांदा त्याच्या बुडाखाली. पाचवीसाठी त्याने पाय उचलला, पण पाय उठेना. तो रुतला होता. सगळा भार हळूहळू तिच्या खांद्यावर आला.

"ढकलू?" तिने विचारलं. "ढकलते मी. अजून पाचच आहेत."

"नको."

"रेइनो, होईल. मी आहे ना."

"आइला, नको गं. खाली घे मला."

खाली यायला वर जाण्याच्या दुप्पट वेळ लागला. मग दोघं शिडीच्या बुडाशी बर्फातच बसली.

"मला चढायचं नव्हतं," तो म्हणाला.

"काय?"

"ऑगस्टपासूनच नव्हतं. मला कधीच कळलंय, हे पाय आता दहा फुटांवर जायचे नाहीत."

"मग हे सगळं कशाला?" आइलाने वर बोट दाखवलं. "माझी हाडं मोडली रे, तीन महिने!"

"मार्चमध्ये, हॉस्पिटलात, मी जेवत नव्हतो. तू म्हणालीस, नोव्हेंबरपर्यंत टिकलास तर मी स्वतः तुला मचाणावर चढवून बसवीन. आठवतं? रोज म्हणायचीस. मला वाटलं, तू त्याच्यावरच उभी आहेस. मी सोडून दिलं, तर तू कशावर उभी राहशील?"

"अरे, मी तुला चमचाभर सूप जावं म्हणून म्हणत होते," ती म्हणाली. "नर्स म्हणतात तसं."

"मला काय माहीत?"

"विचारायचंस!"

"तू तरी कुठे विचारलंस?" तो म्हणाला, आणि मग डोळे मिटून घेतले. "मीही थकलोय, आइला. फार थकलोय."

सहा वर्षांत हे वाक्य त्याने उच्चारलं नव्हतं. तिला वाटायचं, थकणं हे आपल्या एकटीच्याच वाट्याला आलंय. तिने त्याचा थरथरणारा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि तो थांबावा म्हणून दाबला नाही, नुसता धरून ठेवला.

पंधरा नोव्हेंबरला त्यांनी गजर लावला नव्हता. खिडकीत उजाडलं तेव्हा ओढ्याच्या बाजूने वर्षातला पहिला बार ऐकू आला.

"व्हर्नन," रेइनो डोळे न उघडता म्हणाला. "घाई केली गाढवाने. चुकला असणार."

"गोळ्यांची वेळ झाली," आइला म्हणाली.

"होऊ दे," तो म्हणाला. "अर्ध्या तासाने काही बिघडत नाही. झोप."

आणि ती झोपली.