झेंड्यांची पाटी काढली तेव्हा

मित्रांनो, मी एका लहान बेटावरच्या दवाखान्यातला जुना फ्रिज आहे. माझ्यात लशी ठेवतात. निदान त्यासाठी मला इथे आणले होते. आज मी रिकामा आहे, आणि फार दिवसांनी अगदी थंड आहे. वाट बघण्याशिवाय दुसरे काम नाही, म्हणून तुम्हांला माझी गोष्ट सांगतो.

माझा जन्म एका गारठलेल्या देशातल्या कारखान्यात झाला. बोटीने मी इथे आलो. उन्हावर वीज करणाऱ्या काळ्या फळ्या दवाखान्याच्या छपरावर बसवल्या, त्या दुसऱ्या देशाने दिल्या. मला कसे सांभाळायचे, हे फिजीहून आलेल्या नर्सबाईंनी शिकवले. या सगळ्यांचे झेंडे रंगवलेली एक पितळी पाटी माझ्या दारावर बसवली गेली.

माझे स्वागत मानेआबात झाले. मानेआबा म्हणजे गावाने एकत्र बसायचे मोठे छप्पर. त्याला भिंती नाहीत आणि ते दवाखान्याला लागूनच आहे, त्यामुळे तिथे बोललेले मला सगळे ऐकू येते. त्या दिवशी माझ्या डोक्यावर फुलांचा मुकुट ठेवला होता. बाउरो नावाचा मासेमार म्हणाला, "पाहुणा झकास आहे. ऊन खाऊन जगतो, जेवायला मागत नाही." सगळे हसले. त्याची थोरली बहीण तेरिएता ही बेटावरची नर्स होती. ती माझ्या दारावर तळहात टेकवून उभी होती. दार उघडण्याआधी असा हात ठेवायची सवय तिला तेव्हापासून लागली.

ती माझी चांगली वर्षे होती, मित्रांनो. या बेटावर डांग्या खोकल्याने पूर्वी घरेच्या घरे सुनी होत. आता आया केवड्याच्या चटईवर बाळांना मांडीत घेऊन बसत आणि तेरिएता माझ्यातून कुप्या काढी. तिची लेक मारेता माझ्या पायाशी खेळे. परदेशातून माणसे येऊन माझे रबर, माझ्या तारा तपासून जात. लोक वाटेने जाताना मला पाहून मान हलवत.

पण या बेटाची एक रीत आहे. इथे तिला बुबुसी म्हणतात. आपल्या माणसाने येऊन "मी मागतो" म्हटले की नाही म्हणायचे नसते. होडी मागितली तरी द्यायची, अंगातला सदरा मागितला तरी द्यायचा. या रीतीवरच ही माणसे समुद्राच्या मधोमध तगून राहिली आहेत. आणि एवढ्याशा बेटावर परके असे कोण असणार?

पहिल्याच वर्षी बाउरो माशांची माळ घेऊन दारात आला. त्याच्या मुलीचे लग्न होते. मासे माझ्यात ठेवायचे होते.

"ताई, मी मागतोय," तो म्हणाला.

तेरिएताने माझ्या पाटीकडे बोट केले. "मी कुठे नाही म्हणते? पण हा माझा आहे का? ज्यांचे झेंडे आहेत त्यांना माग. जा पोहत."

बाउरो हसत परत गेला. त्यानंतर जो येई त्याला ती पाटी दाखवी. कोणाचा अपमान झाला नाही आणि माझे दार बंद राहिले.

मग एके दिवशी त्या झेंड्यांच्या देशांतल्या पाहुण्यांचे मोठे विमान आले. त्यांचा करार संपला होता. एक गोरा साहेब चांगले बोलला, मनापासून बोलला. हे आमचे आहे असे आता कोणी म्हणू नये, आजपासून हा फ्रिज तुमचा, तुम्ही मालक, असे त्याने सांगितले. मानेआबात टाळ्यांचा कडकडाट झाला. एका माणसाने स्क्रू काढून माझी पाटी उतरवली.

तेरिएता पुढे झाली. "साहेब, पाटी तेवढी राहू द्या," ती हळूच म्हणाली.

त्याला वाटले, बाईंची माया आहे. तो म्हणाला की नवीन पाटी येईल, त्यावर तुमच्याच बेटाचे नाव असेल. 'का' असे तो विचारतच नव्हता, आणि शेजारी भाऊ उभा असताना तिला कारण सांगता येत नव्हते. पाटीच्या जागी माझ्या दारावर एक फिका चौकोन राहिला. तो अजून आहे.

विमान उडाले तसा बाउरो मासे घेऊन आला. तो काही वाईट माणूस नाही. त्याने फक्त विचारले, "आता तर आपलाच ना गं, ताई?"

त्या दिवसापासून माझे दार बंद राहिले नाही. मासे आले, माडीच्या बाटल्या आल्या, कोणाच्या तापल्या डोक्यासाठी बर्फ हवा झाला. दार उघडले की समुद्रावरची दमट हवा आत शिरते. ती बाहेर काढायला मी दिवसभर धापा टाकतो. दाराचे रबर सैल झाले. तेरिएता लशी मागच्या कोपऱ्यात रचून त्यांवर ओले फडके घाली. त्या वेळी तिचा स्वतःचा पाय साखरेच्या आजाराने काळा पडत चालला होता. मारेता नर्स होऊन परतली, तेव्हा आई तिला माझ्याजवळ घेऊन आली आणि तिचा तळहात माझ्या दारावर ठेवला. "हे रोज करायचं," एवढेच म्हणाली. पुढे काही सांगायचे असावे. सांगितले नाही.

त्याच पावसाळ्यात ती गेली.

मातीला बोट भरून माणसे आली. मोठ्या बेटावरूनही आली. त्या बेटावर गोवर पसरल्याचे रेडिओ सांगत होता, पण मयताला जायचे नाही असे इथे कोणी म्हणत नाही. माणसांना जेवू घालायचे होते. बाउरो मासे घेऊन दवाखान्यात आला. त्याचे डोळे सुजलेले होते.

"पोरी, तुझ्या आईसाठी आलेल्यांना शिळं वाढायचं का? मी मागतोय."

मारेताने मामाकडे पाहिले. आईचे प्रेत पलीकडे चटईवर होते. तिने लशी काढून बर्फाच्या डब्यात ठेवल्या आणि माझे दार मोकळे केले. दुखवट्याच्या दिवसांत बर्फाचे पाणी झाले. डब्याकडे कोणी पाहिले नाही. तीही नाही.

मग मोठ्या बेटावरून आलेल्या एका बाळाचे डोळे लाल होऊन पाणावले आणि कानामागे पुरळ उठले. मारेता धावत डब्याकडे आली. प्रत्येक कुपीवर एक लहान चौकोन असतो. लशीला उष्मा लागला की तो काळवंडतो, आणि पुरता काळवंडला की लस मेली समजायचे. तिने एकेक कुपी उजेडात धरली. सगळे चौकोन काळे होते.

तिने रेडिओवरून हाक मारली. उत्तर आले, त्याच फिजीहून, पाटीवर ज्यांचा झेंडा होता त्यांच्याकडून. मधल्या समुद्रावर वादळ आहे, ते सरले की विमानाने लशी आणि दोन नर्स पाठवतो. फ्रिज थंड ठेवा, दार उघडू नका.

तेवढ्यात बाहेर दुखवटा उठवण्याच्या जेवणासाठी माशांच्या टोपल्या उतरत होत्या.

मारेता मानेआबात गेली. म्हाताऱ्यांच्या रांगेसमोर तिची आई कधी बोलली नव्हती. मारेता बोलली. "मी मागायला आले आहे."

बाउरो म्हणाला, "फ्रिज ना? सगळ्यांचाच आहे. घे की."

"फ्रिज नको, मामा. माझा झाला तर उद्या तुम्ही माझ्याकडे मागाल. मला तुमचं मागणं द्या. त्या दारात येऊन मागायचा तुमचा जो हक्क आहे, सगळ्यांचा, तो मी मागतेय."

मग बाउरो म्हणाला, "पोरगी नर्स कसली, वकील झाली." कोणी हसले नाही. दूर एक मूल खोकत होते. ती त्याची नात होती.

"दिलं," तो म्हणाला. मग रांगेतला एकेक म्हातारा तेच म्हणाला. बाउरोने स्वतःच्या हाताने माझ्यातले मासे बाहेर काढले आणि मला पुसले.

मित्रांनो, तेव्हापासून माझे दार बंद आहे. वादळ सरलेले नाही. मानेआबात आता दुसऱ्या, तिसऱ्या चटईवर आजारी मुले निजवली आहेत. मारेता येते, फिक्या चौकोनाच्या जागी तळहात ठेवते, दार न उघडता परत जाते.

तुम्ही कोणाला काही चांगले दिलेत तर देऊन निघून जाऊ नका. ते सांभाळणाऱ्याने काही राहू द्या म्हटले, तर का म्हणून एकदा विचारा. आणि माझ्यासारखा कोणी तुमच्या गावात असेल, तर त्याचे दार कामाशिवाय उघडू नका. मी थंड आहे. आत जागा आहे. आभाळातून अजून कसलाही आवाज येत नाही, फक्त खोकला ऐकू येतो, आणि आज तो कालच्यापेक्षा जवळून येतो आहे.