लाव्हाच्या उशा

एकोणऐंशी सालचा ऑक्टोबर होता. अड्याळच्या तलावात शिंगाडा असा माजला होता की लाकडी होडकं, डोंगा, बांबूनं ढकलायला दोघं लागावेत. जिजाला मात्र एकटीला जमे. मासे धरणाऱ्या बुधराम ढिवराची ही बायको, पन्नाशीला टेकलेली. तलावात कुठे पाणी गळ्याएवढं आणि कुठे गुडघ्याएवढं, हे ती डोळे मिटून सांगायची.

त्या दिवशी डोंग्यात घनश्याम बसला होता. धानाचे व्यापारी मारोतराव यांचा हा धाकटा मुलगा नागपूरला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचा. गावाच्या लेखी तो गोटे फोडणारा मास्तर.

"मावशी, सोमवारी नागपुरात मोठमोठे शास्त्रज्ञ येऊन राहिले," तो म्हणाला. "त्यांच्यासमोर मले पेपर वाचायचा आहे. वाचला, की पुस्तकातली रेघ खोडावी लागन त्यांले."

"कोणती रेघ, भाऊ?"

घनश्यामला एवढंच हवं होतं. तो सांगू लागला. साडेसहा कोटी वर्षांमागे पश्चिमेकडे जमीन फाटली. एखादा डोंगर फुटला असं नाही, जमिनीलाच मैलोनमैल भेगा पडल्या आणि पोटातला तापलेला रस वर आला. चुलीवरची पेज उतू जावी तसा पसरला, थिजला, काळा दगड झाला. त्यावर पुन्हा दुसरा थर, मग तिसरा.

"झाकण काढाले कोणी बाई नोती वाटते घरात," जिजा म्हणाली.

तो हसला. "तो रस नागपूरपाशी येऊन थांबला, असं सगळे मानतात. नकाशावर तीच ती रेघ. पण उन्हाळ्यात हा तलाव आटला तवा मले इथं तोच दगड दिसला. अन् गंमत सांगू? असा रस पाण्यात पडला की त्याचे गोल गोल लोंदे होतात, उशीसारखे. वाळल्या चिखलातून त्या उशांच्या कडा वर आल्या होत्या. मी दोन टवके काढून नेले, घासून पातळ केले, सूक्ष्मदर्शकातून पाह्यले. अस्सल लाव्हा! त्या किती दूरवर पसरल्या आहेत, तेवढं आज बांबूनं चाचपून मोजून घेऊ."

"कुठं दिसल्या उशा?"

"तलावाच्या बांधाच्या त्या टोकाले. बायांच्या घाटाखाली."

जिजाच्या हातातला बांबू पाण्यातच थांबला.

गावात फुटकं जातं घरात ठेवत नसत, उकिरड्यावरही टाकत नसत. ज्यानं घरादाराला खाऊ घातलं, त्याला हळदकुंकू लावून घरातली वडीलधारी बाई घाटावर घेऊन यायची आणि पाण्यात सोडून मागे न पाहता परतायची. पुरुष बरोबर येत नसत, त्यामुळे त्यांना ते ठाऊकही नसे. एकदा दिलेलं जातं बाहेर काढायचं नाही, त्याचं नावही काढायचं नाही. काढलं तर घरातली बरकत जाते, असं म्हणत. जिजाच्या सासूचं जातं तिथं होतं. घनश्यामची आजी गोदावरीबाई, तिचंही. ते तर म्हातारीच्या मागे मागे जिजानंच डोक्यावरून आणलं होतं.

आता काय करावं? बोलावं तर दिलेल्या वस्तूचं नाव निघतं आणि पोराचा आनंद जातो. त्याची आई सीताबाई विहिरीवर सगळ्यांना सांगत सुटली होती, माझा घनश्याम पुस्तकं बदलणार म्हणून. न बोलावं तर सोमवारी एवढ्या पंडितांसमोर हा उभा राहील, आणि उद्या त्यातलाच कोणी येऊन एखादी उशी उलथून पाहील. मग जन्मभर लोक हसतील. बरकतीचं आपण पाहून घेऊ, जिजानं ठरवलं. एक नारळ फोडू.

तिनं डोंगा घाटाला लावला.

"भाऊ, बाही वर करा. हात घाला पाण्यात. बाहेर काढाचं नाई काही, निस्तं चाचपा."

घनश्याम डोंग्यातून वाकला. "हे पाहा, ही गोल कड. म्हटलं होतं ना?" मग त्याचा हात आत सरकला. "इथं सपाट आहे... बारीक बारीक खाचा आहेत..." त्याचं बोट मधल्या भोकात गेलं होतं.

"मावशी, याले भोक आहे."

"मधल्या खिळीचं हाय. अन् खाचा टाकीच्या. टाकी लावल्याबिगर जातं दळन कसं?"

त्यानं हात पुढे सरकवला, दुसरी कड चाचपली, मग तिसरी. कान लाल झाले होते.

"किती आहेत इथं?"

"कोण मोजते! गावातली सगळी. तुमच्या आजीचं बी."

"मी उलथून पाह्यलंच नाही," तो पुटपुटला. "टवके काढले अन् पळालो."

"चिखल वाळून खडंग झाला होता. कसं उलथणार?" जिजानं त्याला सावरून घेतलं.

एकाएकी घनश्याम हसू लागला. डोंगा हलायला लागला इतका. "मावशी, मी आजीच्या जात्यावर पेपर लिहिला!"

"पीठ त बारीक पडलं असन," जिजा म्हणाली.

हसता हसता तो थांबला. "पण मग हा गोटा इथं आला कुठून? आपला गोटा त पांढरा, रवाळ."

"म्हणूनच त. आपल्या गोट्याचं जातं पिठात रेती सोडते. चांगलं जातं बैलबंडीनं येते, नागपुराच्या पलीकडून. काळा गोटा कुठून लागते, ते जातं घेणाऱ्या हरेक बाईले ठावं हाय."

"हरेक बाईले?" घनश्यामनं खिशातून वही काढली, ओल्याच हातानं.

सोमवारी त्यानं पेपर वाचला नाही. उभा राहिला आणि आपण कसे चुकलो ते सगळ्यांना सांगितलं. लोक हसले, पण जेवणाच्या वेळी दोन म्हातारे प्राध्यापक त्याला शोधत आले. लाव्हा कुठवर आला होता ते गावोगावच्या बायांना विचारून पाहा, म्हणाले, काळा गोटा जिथून आणतात तिथं नकाशावर खूण करा. आणि तुमच्या त्या मावशीला सोबत न्या.

जिजा निघाली. बुधरामनं विचारलं, "तू काहून जाऊन राहिली?" तर म्हणाली, "अजी, परक्या माणसासंग बाया जात्याचं बोलतात का?"

पहिलं घर पवनीच्या आनंदाबाईचं. घनश्यामनं नमस्कार करून विचारलं, "बाई, तुमचं जातं कुठून आणलं?"

"कायले? इकत घेतं का?"

"नाही, गोटा पाहायचा होता. जात्याची वरची पाळ जरा उचलून—"

आनंदाबाईनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मग जिजाकडे पाहिलं. जिजानं होकाराची मान हलवली.

"पाह्य बापा," आनंदाबाई म्हणाली, "पण रिकाम्या जात्याची पाळ उचलू नोको. आधी एवढी तुरीची दाळ भरडून दे."

भूगर्भशास्त्राचा मास्तर मांडी घालून बसला आणि त्यानं खुंटा धरला. जिजा समोर बसून मूठ मूठ तूर घालू लागली.