तळातला शिपाई

धनेशनं अंगठ्यानं भांड्याचं कथलाचं झाकण उचललं, आत डोकावला आणि हात मागे घेतला.

“काकू, याच्यात पाणी आहे.”

“नर्मदाजी आहे,” हेमलताबाई म्हणाल्या.

हे भांडं घरात कसं आलं, याची कथा ऐकणारा बघून बदले. आजेसासऱ्यांनी ते जर्मन बादशहाच्या आचाऱ्याकडून पत्त्यांत जिंकलं होतं. सासऱ्यांच्या काळात ते नर्मदेवरच्या ग्वारीघाटच्या मगरीच्या पोटातून निघू लागलं. झाकणामुळे मुंग्या शिरत नाहीत, एवढ्यावर सासूबाईंनी त्यात नर्मदेचं पाणी भरून त्याला देवघरात बसवलं.

“बिअरचा मग आहे हा, काकू. देवाजवळ ठेवून राहिल्या तुम्ही?”

“देवांनी कधी तक्रार नाही केली,” प्रणोती म्हणाली. आईला पुण्याला न्यायचं ठरल्यापासून घर तीच आवरत होती. सदर बाजारातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून धनेशला तिनंच बोलावलं होतं.

“रिकामा करा दीदी. तळ उजेडात धरल्याशिवाय असली-नकली नाही समजत.”

हेमलताबाई उठल्या नाहीत. परिक्रमेला निघताना त्यांच्या यजमानांनी, रत्नाकररावांनी, हे पाणी स्वतः भरलं होतं. ‘मी येईपर्यंत राहू दे,’ म्हणाले होते. भरूचहून एकदा फोन आला, आणि पुढे काहीच नाही. पोलीस झाले, आश्रम झाले, ज्योतिषीही झाले.

प्रणोतीनं तांब्या पुढे केला.

“यात काढून ठेवू ना आई. चलो, दे.”

हेमलताबाईंनी तांब्याकडे पाहिलं. भांडं उचलून त्या अंगणात गेल्या आणि सगळं पाणी तुळशीला घातलं. थेंब थांबले तरी ते उलटंच धरून उभ्या राहिल्या.

धनेशनं भांडं पुसून खिडकीशी धरलं. तळाची पांढरी चिनी माती उजळली आणि तिच्यात चित्र उमटलं. एक शिपाई, एक बाई, हातात हात.

“असली आहे!” तो म्हणाला. “नकलीत इतकं बारीक काम नसतं. शंभर वर्षांच्या वरचं आहे. किंमत चांगली येईल.”

हेमलताबाईंनी भांडं डोळ्याशी नेलं. त्या लग्न होऊन आल्यापासून ही दोघं पाण्याखाली उभी होती, आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

“हा येऊन राहिला, का जाऊन राहिला?”

प्रणोतीनं आईच्या मागून धनेशला हातानं काहीतरी खुणावलं. त्याला ते कळलं नाही.

“जाऊन राहिला, काकू. पलटणीत. तिचा निरोप घेऊन राहिला.”

“दुसऱ्या भांड्यांत?”

“मी पाहिले, त्या सगळ्यांत जाणाराच होता.”

हेमलताबाईंनी झाकण हलकेच बंद केलं.

“घेऊन जा, भैया.”