पाचशे तेराचे दोनशे अठ्ठावन्न

मित्रांनो, दोन ओळींचा एक जुना कोड आहे मी. नदीवरच्या पुलाच्या नियंत्रण खोलीत, संगणकाच्या एका फाइलमध्ये माझा मुक्काम असतो.

पाण्याची उंची मोजणारे यंत्र दर तासाला दोन बाइट, म्हणजे शून्य ते दोनशे पंचावन्नमधले दोन आकडे, पाठवते. पहिल्यात दोनशे छप्पन्नचे गठ्ठे किती ते, दुसऱ्यात उरलेले सेंटिमीटर. आमचा संगणक मात्र दोन्ही एकदम उचलले तर उलट्या क्रमाने वाचतो. म्हणून इथल्या मुख्य इंजिनिअर बाईंनी मला लिहितानाच शिकवले: पहिला बाइट उचल, आठ घरे डावीकडे सरकव, म्हणजे दोनशे छप्पन्नपट कर, दुसरा त्याला जोड. संगणक कुठलाही असो, उत्तर तेच. अकरा वर्षे मी चुकलो नाही. कौतुकही कुणी केले नाही.

मग नवा इंजिनिअर आला.

"बाई, एकेक बाइट काय वेचत बसलाय? मी दोन्ही एका दमात उचलतो. संगणक उलटा वाचणारा असेल तरच फिरवायचे."

"चाचणी घेतलीस?"

"घेतली की! यंत्र म्हणतंय दोनशे सत्तावन्न, पडद्यावरही तेच."

त्याने माझ्या दोन्ही ओळींपुढे दोन-दोन तिरक्या रेघा मारल्या. अशा रेघांमागची ओळ संगणक वाचत नाही. मी जागच्या जागी मुका झालो.

त्याच दुपारी वरच्या धरणातून पाणी सुटले. एक वाजता यंत्राने पाठवले: दोन आणि एक. म्हणजे पाचशे तेरा. पाचशेला पुलाचे फाटक आपोआप पडते. पडद्यावर आले दोनशे अठ्ठावन्न. फाटक उघडेच राहिले. मला उत्तर येत होते, सांगता येत नव्हते.

फोन वाजला. पुलावरचे पहारेकरी मामा ओरडत होते, "अहो, पाणी खांबावरच्या लाल पट्ट्यावर गेलंय! तुमचा पडदा झोपलाय काय?"

"दोनशे अठ्ठावन्न दाखवतोय, मामा," इंजिनिअर म्हणाला.

"मग या इथे उभे राहायला! गाड्या आहेत पुलावर!"

बाईंनी फोन हिसकावला. "मामा, फाटक हाताने पाडा. आत्ता!"

शेवटची गाडी उतरली आणि पाचव्या मिनिटाला पाणी पुलावरून वाहू लागले.

बाईंनी इंजिनिअरचा कोड वाचला. उलटे वाचणाऱ्या संगणकांच्या त्याच्या यादीत आमच्या संगणकाचे नावच नव्हते, म्हणून बाइट फिरवणे राहून गेले होते. "आणि दोनशे सत्तावन्न म्हणजे एक आणि एक. उलटं केलं तरी तेच! चाचणीला हाच आकडा सापडला तुला?"

मग त्यांनी, कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरने माझे काय केले होते ते उघडून दाखवले. दोन्ही बाइट एका दमात उचललेले, लगेच फिरवलेले. "तुझी युक्ती हा कंपायलर कधीपासून करतोय. मी फक्त साधं लिहिलं होतं."

इंजिनिअरने स्वतःच्या हाताने माझ्यापुढच्या रेघा पुसल्या.

मित्रांनो, साधे दिसते ते संथच असणार असे धरून चालू नका. आधी उघडून पाहा. आणि चाचणीला, उलटवल्यावर बदलेल असा आकडा घ्या.

मामा हल्ली दर तासाला पाण्याची खूण वाचून फोन करतात. बाई ती माझ्या आकड्याशी ताडून बघतात. मला त्याचा राग येत नाही.