डॅनिएलची भुकटी आणि लव्हॉनचे नऊ पौंड

शनिवारी सकाळी आठच्या आतच एल्म रॅपिड्सच्या चर्चचं तळघर माणसांनी गच्च भरलं. बाहेर मिनेसोटातला जानेवारी, नाकातला श्वास गोठवणारा. आत मात्र साठ-सत्तर माणसं अनवाणी, नुसत्या शर्टांत, हातात रिकामी चंदेरी पाकिटं धरून रांगेत उभी. रांगेच्या टोकाला वजनकाटा आणि काट्यामागे फिरते धर्मोपदेशक बंधू मेरिल. माणूस काट्यावर चढला की बंधू त्याच्या आधीच्या वजनाच्या कार्डाकडे बघायचे, डोळे मिटायचे, ओठ हलवायचे आणि मग जाहीर करायचे, "आठ पौंड, मंडळी. दहा दिवसांत आठ पौंड देवानं उचलून नेले."

की टाळ्या. महिला मंडळाच्या युनिसबाईंनी या पाहुण्याला गावात आणलं होतं, त्या प्रत्येक आकड्याला रुमाल डोळ्यांना लावत होत्या. कुणाचे सात गेले, कुणाचे दहा. चालणं नाही, पळणं नाही, रोज दोन चमचे भुकटी पाण्यातून घ्यायची एवढंच. साक्षात चमत्कारच म्हणायचा.

रांगेत लव्हॉन त्वेत उभी होती. गावच्या शाळेत वीस वर्षं स्वयंपाकीण. रोज तीनशे पोरांचं जेवण तिच्या हातचं. तिच्या नवऱ्याचा, गेलनचा, नंबर नुकताच झाला होता. बंधूंनी "बारा पौंड" म्हटल्यावर अख्खं तळघर उभं राहिलं. स्वतःच्या लग्नात ज्याच्या तोंडून धड दोन शब्द फुटले नव्हते, तो गेलन सगळ्यांसमोर डोळे पुसत होता. लव्हॉनला क्षणभर बरं वाटलं. पण हा आनंद तिला परवडणारा नव्हता.

कारण गेलन सरकारी नोकरीत बर्फ ढकलायची गाडी चालवायचा. शरद ऋतूत डॉक्टरीणबाईंनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं: वजन कमी कर, साखरेची गोळी चुकवू नकोस, नाहीतर मार्चच्या तपासणीत मी तुझ्या परवान्यावर सही करणार नाही. परवाना गेला की नोकरी गेली. घरात चार तोंडं. लव्हॉन कामाला लागली. आठवड्याच्या किराण्याला एकशेवीस डॉलर, त्यात तिनं कोबी, गाजरं, ओट्स, राजमा आणि वाटाण्याच्या डाळीचं सूप बसवलं. स्वस्त, पोटभर आणि डॉक्टरांनी सांगितलं तसं. गेलननं आठवडाभर खाल्लं आणि चमचा खाली ठेवला. म्हणाला, हे गरिबाचं खाणं आहे, आपण काय मंदीत आहोत का?

तेवढ्यात बंधू मेरिल उगवले. बायबलातल्या डॅनिएलनं राजाचं मटण नाकारलं आणि दहा दिवस डाळ-पाण्यावर राहून तो राजाचं खाणाऱ्या पोरांपेक्षा गुटगुटीत दिसला, ही गोष्ट गावातलं शेंबडं पोरही सांगेल. बंधूंचं म्हणणं असं की तीच मूळ डाळ त्यांच्या भुकटीत आहे. डॅनिएल गुटगुटीत झाला आणि आपल्याला बारीक व्हायचंय, ही अडचण कुणालाच दिसली नाही. पाकीट साठ डॉलरचं. गेलननं स्वतःसाठी घेतलं आणि बायकोसाठीही. त्या आठवड्यात घरात किराणा आलाच नाही, फडताळातल्या राजमा-ओट्सवर भागवलं. चौथ्या दिवशी त्यानं साखरेच्या गोळ्या फडताळात ठेवून दिल्या. बंधू म्हणाले होते, एकाच वेळी दोन दारं ठोठावू नयेत.

लव्हॉननं गेलनच्या पाकिटातली चिमूटभर भुकटी हुंगली, चाखली, मग एक वाटी पाण्यात उकळून बघितली. दहा मिनिटांत हिरवट सूप तयार. शाळेत वाटाण्याच्या डाळीचं हेच पीठ पोत्यानं येतं. म्हणजे घरात आयतं मिळणारं सूप नवऱ्यानं नाकारलं आणि तेच चंदेरी पाकिटातून साठ डॉलरला विकत घेतलं. तिनं त्याला सांगूनही पाहिलं. तो म्हणाला, तुझ्यात श्रद्धाच नाही.  स्वतःचं पाकीट मात्र तिनं फोडलं नाही.

आणि आता तिची पाळी आली. ती काट्यावर चढली. बंधूंनी डोळे मिटले, ओठ हलवले.

"भगिनी लव्हॉन. नऊ पौंड."

टाळ्या पडल्या. ती मात्र तिथेच उभी राहिली. दहा दिवस ती रोजच्यासारखी जेवली होती, शाळेत उरलेली खीरसुद्धा तिनं सोडली नव्हती. मग नऊ पौंड गेले कुठे? बटाट्याची खोकी मोजताना आधी खोक्याचं वजन वजा करायचं, हे तिच्या हाडात मुरलेलं. तिनं पायांकडे बघितलं. पाय अनवाणी होते. आणि तळघर उबदार होतं. हे तळघर कधी उबदार नसतं. पैसे वाचवायला चर्चची मंडळी तिथला हीटर इतका बारीक ठेवतात की लोक कोट घालूनच जेवतात, आणि पाहुण्यासमोर कुणी तक्रार करत नाही, कारण या गावात तक्रार करणं म्हणजे असभ्यपणा.

पहिलं वजन मागच्या आठवड्यातल्या बुधवारी संध्याकाळी झालं होतं, सामुदायिक जेवणानंतर. खिमा आणि बटाटे एकत्र भाजून केलेली हॉटडिश दोन-दोन वेळा घेऊन, कॉफी ढोसून, माणसं कोट-बूट-पर्ससकट काट्यावर चढली होती. "जसे आहात तसे या," असं बंधूंनी गोडीत सांगितलं होतं. आणि आज? रिकाम्या पोटी या, ओझी वरच्या मजल्यावर ठेवा, जोडे काढा, मोशेलाही देवानं हेच सांगितलं होतं. वर हीटरही त्यांनी स्वतःच्या खर्चानं पहाटेपासून लावला होता. शंका कुणाला येणार? इथं माणूस एक वेळ पगार सांगेल, पण वजनाचं कार्ड बायकोलाही दाखवणार नाही.

बंधूंनी तोवर पुढचा माल काढला होता: चाळीस दिवसांचा संच, दोनशे चाळीस डॉलर. गेलनचा हात खिशातल्या पैशांच्या पाकिटाकडे गेला. लव्हॉननं तो बघितला आणि तिचं सभ्यपण संपलं.

"बंधू, एक मिनिट," ती म्हणाली आणि तिनं आपलं चंदेरी पाकीट वर धरलं. "मी हे उघडलेलंच नाही. सील बघा."

सगळ्यांच्या माना त्या पाकिटाकडे वळल्या. पण बंधू मुरलेला गडी. त्यांनी दोन्ही हात वर केले. "बघा, मंडळी. पाकीट नुसतं घरात होतं, तरी नऊ पौंड गेले. ही केवढी कृपा."

"आमेन," कुणीतरी म्हणालं. युनिसबाईंचा रुमाल पुन्हा वर गेला. लव्हॉनला हसावं की रडावं कळेना. ती तशीच अनवाणी जिना चढून वर गेली, कोट घातला, बूट चढवले, पर्स खांद्याला लावली, खाली आली आणि काट्यावर उभी राहिली. यावेळी आकडा तिनं स्वतः वाकून वाचला.

"एकशेसत्त्याहत्तर." मग टेबलावरचा पाण्याचा मोठा ग्लास उचलून तिनं तिथल्या तिथे रिकामा केला. "आता एकशेअठ्ठ्याहत्तर. बुधवारी माझ्या कार्डावर हाच आकडा होता. बंधू, तुमची कृपा माझ्या बुटांत होती."

बंधू मेरिल श्रद्धेबद्दल, संशयी माणसांबद्दल आणि सैतानाबद्दल बरंच काही बोलले, पण पहिल्यासारखं ओघानं नाही. लोक एकमेकांकडे न बघता आपापल्या उघड्या पायांकडे बघत होते. लव्हॉनला लोकांची पर्वा नव्हती. ती एकाच माणसाकडे बघत होती, आणि त्याचा चेहरा लाल झाला होता. चारचौघांत आपण त्याला तोंडघशी पाडलं, आता हा महिनाभर बोलणार नाही, असं तिला वाटलं.

गेलन उठला, जिना चढून वर गेला. तो थेट घरी निघाला असंच सगळ्यांना वाटलं. तो परत आला तो कामावरचा जाड कोट आणि लोखंडी टोकांचे बूट घालून. काट्यावर चढला आणि भरल्या तळघरात, या गावात आजवर कुणी केलं नव्हतं ते त्यानं केलं. स्वतःचं वजन मोठ्यानं वाचलं.

"दोनशे नव्वद," तो म्हणाला. "बुधवारी याच कोट-बुटांत दोनशे एक्क्याण्णव होतं. दहा दिवसांत एक पौंड, आणि तोही आज न्याहारी केली नाही म्हणून." त्यानं घसा खाकरला. "मार्चमध्ये माझी तपासणी आहे. डॉक्टरीणबाई मला कृपेवर पास करणार नाहीत. मला खरा आकडा पाहिजे."

पुढची दहा मिनिटं तळघरात गंमतच चालली. माणसं वर जाऊन कोट-बूट घालून येत होती आणि काट्यापुढे नवी रांग लागत होती. दहाचे दोन झाले, सातचा शून्य झाला. युनिसबाई उतरल्या त्या एक पौंड वाढून. बंधू मेरिल संच गाडीत भरत होते आणि त्यांना मदत करायला कुणी पुढे झालं नाही. हे मात्र या गावात खरंच नवल.

हे एका गावापुरतं नाही म्हणून सांगतो. काटा खोटा नव्हता, भुकटीही विषारी नव्हती. खोटी होती ती तुलना. वजन करायचं तर त्याच काट्यावर, दिवसाच्या त्याच वेळेला, त्याच कपड्यांत. कुणी म्हणालं अमुक घेतलं आणि तमुक झालं, तर विचारा, न घेणाऱ्याचं काय झालं? असं विचारल्यानं देवाचा अपमान होत नाही. अपमान होतो तो देवाच्या नावावर डाळीचं पीठ विकल्यानं.

दोन महिन्यांत पुरेसं वजन उतरेल की नाही, लव्हॉनला माहीत नव्हतं, आणि उतरेल असं खोटं आश्वासन तिनं दिलंही नाही. घरी आल्यावर गेलन कोटही न काढता आत शिरला. स्वयंपाकघरात गेला, फडताळ उघडलं, साखरेची गोळी काढली आणि नळाच्या पाण्याबरोबर गिळली. मग तिच्याकडे पाठ करूनच म्हणाला, "उद्या न्याहारीआधी मला काट्यावर उभा कर. बूट न घालता. आणि आकडा लिहून ठेव."