मिसेस नोवाकचं वजन

वजनकाट्यावर उभं करताना मिसेस नोवाकच्या गाऊनच्या खिशातून चमचे खणखणत फरशीवर पडले.

"बघ मृणाल, म्हातारी किचनमधले चमचे चोरते!" सुलेखा म्हणाली. "रिपोर्ट करू या."

"थांब गं जरा."

शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या त्या नर्सिंग होममध्ये या दोघीच मराठी नर्सेस. सुलेखा पुढच्या खोलीत गेल्यावर मृणालिनी म्हातारीजवळ टेकली. चोराच्या डोळ्यांत एवढी भीती नसते.

"वजन कमी भरलं की नेतात," मिसेस नोवाक पुटपुटल्या.

"कुठे नेतात?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. १९२६ साली त्या शिकागोत शाळेत होत्या. हडकुळ्या मुलांना क्षय होऊ नये म्हणून निराळी शाळा असे. भर हिवाळ्यात खिडक्या सताड उघड्या, अंगाभोवती घोंगड्या, दुपारी गरम सूप आणि दूध. दर आठवड्याला नर्स वजन करायची. दोघी बहिणी तिथेच होत्या; धाकट्या मिसेस नोवाकच्या अंगाला खाणं लागलं. थोरली बहीण हेलन मात्र उतरतच गेली. एक दिवस तिला शाळेतूनच परस्पर सॅनिटोरियमला नेलं. आई तेव्हा कारखान्यात कामावर होती. हेलन परत आली नाही.

"नर्स वाईट नव्हती," मिसेस नोवाक म्हणाल्या. "रडत होती बिचारी. पण नेलंच."

मृणालिनीनं चमचे गुपचूप जागेवर ठेवले. वजन मात्र तिला खरं तेच सांगावं लागलं. त्या दिवसापासून ती घरून भाताची मऊ पेज आणू लागली, गोंजारून भरवू लागली. पण घास काही उतरेना. फेब्रुवारीत डॉक्टरांनी हॉस्पिटलमध्ये हलवायला सांगितलं.

अँब्युलन्स दारात आली तेव्हा मृणालिनीची शिफ्ट संपली होती. तिनं घरी फोन लावला.

"उल्हास, आज नंदूला शाळेतून तू पिकअप कर. मला उशीर होईल."

"का गं? आपल्यातलं कुणी आजारी आहे का?"

"हो," ती म्हणाली.

ती गाडीत चढली तशी मिसेस नोवाकनी मान वळवली. "तू येतेस?"

"येते ना."

त्या परत येणार नाहीत, हे दोघींनाही ठाऊक होतं.

"हेलनबरोबर कुणीच नव्हतं," म्हातारी म्हणाली.

मृणालिनीनं अंगातला कोट काढला, त्यांच्या पायांवर घातला आणि चारी बाजूंनी नीट खोचला. गाडी हलली.