पायताण काढून बसा

मी घोंगडी बोलतेय. टोचते म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी खुशाल लांब बसावं, त्याचा मला राग नाही. राग येतो तो एकाच गोष्टीचा. तुमचं कुठलंही काम रखडलं की तुम्ही ‘भिजत घोंगडं’ म्हणून माझं नाव पुढं करता. मी पुष्कळ वेळा भिजले, पण रखडले कधीच नाही. उलट ज्या दिवशी अख्खं गाव अडून बसलं होतं, त्या दिवशी गाडं हलवलं ते मी आणि सहा पोरींनी. तेच सांगायला बसले आहे.

माझं गाव वडगाव रासाई. गेणबांचा तेव्हा काळ्या मेंढ्यांचा मोठा कळप होता. त्यांची लोकर कातरली, गेणबांच्या बायकोनं, रतनबाईनं, तिचं सूत काढलं, सणगरानं मला मागावर विणलं आणि चिंचोक्याची खळ लावून उन्हात वाळवलं. मी अशी काही ताठ झाले की पहिल्यांदा माझी घडी घालताना गेणबांनी मला चार शिव्या हासडल्या. त्या मी आशीर्वाद म्हणून घेतल्या.

पुढची कितीतरी वर्षं मी त्यांच्या खांद्यावर होते. पावसात खोळ, थंडीत पांघरूण, दुपारी अंथरूण. नुकतं जन्मलेलं कोकरू माझ्यातच गुंडाळून पुढच्या मुक्कामाला जायचं. एकदा शेकोटीची ठिणगी उडाली आणि माझ्या ऐन मध्यावर भोक पडलं. रतनबाईनं ते रफू केलं. टाका घालताना ती पुटपुटत होती, “ह्यास्नी इस्तवाजवळ बसाया कुनी सांगितलंय कुनाला ठावं.” ते टाके अजून आहेत, आणि पुढं त्यांचं काम पडणार आहे.

गेणबांच्या घरात एक रीत होती. बिरोबाच्या दिवशी देव मांडायचा तो माझ्यावर, चार माणसं निवाड्याला बसायची ती माझ्यावर. पायताण घालून माझ्यावर कुणी पाय ठेवायचा नाही. घरचा असो वा दारचा, रीत सगळ्यांना सारखी.

मग दिवस पालटले. कळप विकला, शेतात ऊस आला, गेणबांचा मुलगा हनुमंत कंपनीत कामाला लागला. घरात मऊ, गुबगुबीत ब्लँकेटं आली. त्यांच्यावर वाघाचं चित्र. मी खऱ्या लांडग्यांच्या रात्री काढलेली, आणि मला त्या चित्रातल्या वाघानं माळ्यावर पाठवलं. रतनबाई गेली. मी कांद्याच्या पोत्याशेजारी, डांबरगोळ्यांच्या वासात पडून राहिले. खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत मला फार रडू यायचं.

मला खाली ओढलं ते हर्षदानं. हनुमंतची लेक, नववीतली, शाळेतल्या स्काऊट-गाईडच्या मुलींच्या पथकाची नायिका. निळा गणवेश, गळ्यात स्कार्फ, आवाज असा की मधल्या सुट्टीतला गोंगाट एका हाकेत थांबावा. त्यांच्या रुपाली मॅडम जखमी माणसाला उचलून न्यायचं शिकवत होत्या. दोन लाठ्या घ्यायच्या, त्यांच्यावर चादरीची घडी विशिष्ट तऱ्हेनं टाकायची, गाठ कुठंच मारायची नाही. आत झोपलेल्याच्या वजनानंच घडी आवळून बसते. पण शाळेची चादर गुळगुळीत. ती सारखी सरकायची आणि जखमी बनलेली मुलगी धपकन खाली. सुरेखा नावाची पोर तीनदा पडल्यावर म्हणाली, “मॅडम, आता मी खरीच जखमी झाले.”

दुसऱ्या दिवशी हर्षदानं मला कुणाला न विचारता शाळेत नेलं. लाठीवर घडी बसली मात्र, मी अशी चिकटले की हलायचं नाव नाही. आयुष्यभर ज्या खरखरीतपणापायी मी बोलणी खाल्ली, तोच तिथं कामाला आला. पोरींनी सुरेखाला मैदानभर फिरवून आणलं.

आणि तेवढ्यात फाटकातून गेणबा आले. माळा रिकामा दिसला होता त्यांना. काठी आपटत म्हणाले, “कुनाला इचारून आनली गं? द्येवाची घोंगडी हाय ती. खेळाया हाय व्हय?”

हर्षदा खाली मान घालून उभी राहिली. सुरेखा घाईघाईनं माझ्यावरून उतरली. तिचे पाय अनवाणी होते, बूट तिनं कडेला काढून ठेवले होते, कारण ते चावत होते. गेणबांनी ते बूट पाहिले, मग माझी लाठ्यांवरची घडी पाहिली. बराच वेळ पाहिली.

“घाटात मेंढीचा पाय मोडला तवा अशीच न्हेली हुती आमी,” ते म्हणाले. “म्होरं म्या, मागं तुजी आजी.” मग आवाज पुन्हा चढवला. “न्ह्या. पर पायतान घालून कुनी चढायचं न्हाई. कलेक्टर आला तरी न्हाई.”

त्या दिवसापासून मी गाईडची झाले. पोरींचं सगळं लक्ष दौंडच्या मेळाव्यावर होतं. जिल्ह्याची पथकं तिथं येतात, राहतात, स्पर्धा खेळतात. अट एकच, प्रत्येक पथकाचा स्वतःचा तंबू हवा. आमच्या पथकाकडं तंबू नव्हता, म्हणून वडगावच्या पोरी आजवर कधी गेल्याच नव्हत्या. हर्षदानं ठरवलं होतं, यंदा जायचंच. तंबूचे पैसे उभे करायला स्काऊट-गाईडची एक पद्धत आहे. तिला ‘खरी कमाई’ म्हणतात. वर्गणी मागायची नाही, देणगी घ्यायची नाही, काम करायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे. पोरींनी गाड्या पुसल्या, कांदे निवडून दिले, पणत्या रंगवून विकल्या. थोडे जमले, पुष्कळ राहिले.

प्रजासत्ताक दिनाला पोरींनी शाळेत माझं प्रात्यक्षिक करून दाखवलं. पाहुणे होते आनंदराव आप्पा. सोसायटीचे माजी चेअरमन, गावातलं सगळ्यात वजनदार माणूस, दोन्ही अर्थांनी. प्रात्यक्षिक त्यांना आवडलं. त्यांनी माईक हातात घेतला. “ह्या लेकींच्या तंबूचा सगळा खर्च माझ्याकडं लागला. तंबूवर फक्त आमच्या मातोश्रींचं, सोजराबाईंचं नाव मोठ्या अक्षरात येऊ द्या.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. आभार मानायला हर्षदाला वर बोलावलं. पोर सरळ माईकपाशी गेली आणि म्हणाली, “आप्पा, आम्हाला फुकटचे पैसे चालत नाहीत. काम सांगा, मग द्या.” एवढं बोलून तिनं हात पुढं केला. डावा. स्काऊट-गाईड डाव्या हातानंच हात मिळवतात, काळजाच्या बाजूचा म्हणून. तिला तसंच शिकवलं होतं. पण गावाला कुठं ठाऊक? भर सभेत पोरीनं आप्पांचे पैसे नाकारले आणि वर डावा हात दाखवला. आप्पांनी हात जोडले, मान फिरवली आणि चहा न घेता निघून गेले. रुपाली मॅडम दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन आल्या. आप्पा भेटले नाहीत.

मग आली गावची यात्रा. पोरींची सगळी भिस्त त्या एका दिवसावर होती, कारण मेळावा पुढच्याच आठवड्यात होता. त्यांनी देवळाजवळ भेळेचं दुकान मांडलं. मला टेबलावर अंथरलं होतं. माणसं यायची, भेळेकडं बघायची, आखाड्याशेजारी खुर्चीत बसलेल्या आप्पांकडं बघायची आणि पुढं सरकायची. ‘जाऊ नका’ असं आप्पांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. त्यांना सांगावं लागत नाही. दुपार कलली, चुरमुरे मऊ पडले. सुरेखाच्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडम म्हणाल्या, “पोरींनो, पुढच्या वर्षी बघू.”

 हर्षदानं भेळेची पातेली उचलून खाली ठेवली, मला ओढून घेतलं, मातीत लाठ्या टाकल्या आणि माझी घडी बसवली. मग ती खुर्चीवर उभी राहिली.

“या, या! कितीही जाड माणूस असू द्या, आम्ही सहा पोरी उचलून देवळाला फेरी मारून आणू. मध्ये टेकवलं तर पैसे परत!”

लोक हसले. पण आखाड्यातून नुकताच कुस्ती मारून आलेला गोकुळ पैलवान थांबला. तो होता भांडगावचा, त्याला आमच्या गावचं रुसणं-फुगणं काय माहीत? “मला उचलताय?” म्हणाला आणि लाल मातीच्या अंगानं, अनवाणी, धाडकन माझ्यावर आडवा झाला.  पोरींनी उचललं. देवळाला फेरी मारली आणि जागेवर आणून ठेवलं. गोकुळ उठून म्हणाला, “आयला, पोरी हायत का ट्रॅक्टर!”

मग काय विचारता. कुस्त्या सोडून माणसं इकडं वळली. दोन पैलवान झाले, एक हलवाई झाला. गर्दी वाढली तशी मागून कुणाची तरी आरोळी आली, “आप्पास्नी उचला की मंग!”

 सगळ्या माना आप्पांच्या खुर्चीकडं वळल्या. आप्पांना आता नाही म्हणणं जड आणि हो म्हणणं त्याहून जड. ते उठले. माणसं बाजूला झाली. हर्षदापुढं येऊन उभे राहिले.

“मला उचलशील?”

“उचलू की, आप्पा. पैसे आधी द्यावे लागतील. सगळ्यांनी दिलेत.”

आप्पांनी तिच्याकडं रोखून पाहिलं. मग खिशात हात घातला आणि इतरांनी दिले होते तेवढेच पैसे तिच्या हातावर ठेवले. एक रुपया जास्त नाही. ती त्यांची समज मला तिथंच आवडली. पण पुढच्याच क्षणी त्यांनी करकरीत चपलेचा पाय माझ्या काठावर ठेवला.

“आप्पा.” गर्दीतून गेणबा पुढं आले. आवाज मोठा नव्हता. “पायतान काढा.”

गावात आप्पांना असं कुणी बोलत नाही. हनुमंतनं पुढं होऊन बापाचा हात धरला. गेणबांनी तो सोडवून घेतला. “घोंगडी हाय ती. तुमचा मान तुमच्या जागी, तिचा तिच्या जागी.”

आप्पांचा पाय तसाच राहिला. मला वाटलं, आता हे निघून जाणार आणि तंबूही यांच्याबरोबर जाणार. पण आप्पा खाली वाकले. दोन्ही चपला काढल्या, कडेला नीट लावून ठेवल्या. मग माझ्या काठाला हात लावून तो कपाळाला लावला. “चुकलं, गेणबा,” म्हणाले. “आमच्या आईनंबी हेच शिकवलं हुतं.” आणि आडवे झाले.

“तयार?” हर्षदा म्हणाली. “उचल!”

अहो, काय ते वजन! बरोब्बर माझ्या मध्यावर आलं, रतनबाईच्या टाक्यांवर. मी मनात म्हणाले, रतने, आता तुझी लाज राख. लाठ्या वाकल्या, पोरींच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. जखमी माणसाला नेताना सगळ्यांनी एकाच पावलावर चालायचं नसतं, नाहीतर झोका बसतो. म्हणून प्रत्येकीचा पाय वेगवेगळा पडत होता आणि वर आप्पा पाण्यावरच्या नावेसारखे संथ चालले होते. देवळामागं चढ आहे. तिथं सुरेखाची पकड सुटायला लागली. “टेकवा की जरा,” आप्पा आतून हळूच म्हणाले. “मी कुनाला सांगत न्हाई.”

“टेकवायचं नाही,” हर्षदा दातओठ खात म्हणाली.

तेव्हा धनगरांच्या गजी नाचाचे ढोल वाजायला लागले. कुणी सांगितलं कोण जाणे. ढोलांच्या आवाजात पोरींनी चढ काढला, कोपरा वळवला आणि आप्पांना अलगद जागेवर आणून ठेवलं. एक टाका उसवला नाही. गर्दीनं जो गलका केला तो भीमा नदीपलीकडं ऐकू गेला असेल. गेणबा धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते.

आप्पा उठून बसले आणि म्हणाले, “भूक लागली. भेळ हाय का?”

ती मऊ पडलेली भेळ त्यांनी चवीनं खाल्ली. मग सगळ्या गावाला भेळेची भूक लागली. पातेली घासूनपुसून रिकामी झाली आणि तरी रांग संपेना. तंबू आला. पोरींच्या घामाचा, कुणाचंही नाव नसलेला.

सध्या माझा मुक्काम दौंडला आहे, मेळाव्याच्या मैदानावर. तंबूत खाली अंथरलेली मीच. काल आमच्या पथकाचा पहिला नंबर आला आणि सहा पोरी रात्री माझ्यावर अशा झोपल्या की कूस बदलायला जागा नव्हती. वाघाच्या चित्राची ब्लँकेटं घरी आहेत. मला आता त्यांच्याविषयी काही वाटत नाही.

आज सकाळी तंबूच्या दारात सावली पडली. आनंदराव आप्पा आले होते, गेणबांना जीपमध्ये शेजारी बसवून. आत कुणी काही बोलायच्या आधी आप्पांनी चपला बाहेर काढल्या. मग आत आले आणि हर्षदापुढं हात केला. डावा.

हर्षदानं तो हातात घेतला.  गेणबा माझ्यावर मांडी घालून बसले आणि माझ्या रफूवरून बोट फिरवत राहिले.

तुम्हीही या कधी. मी म्हातारी आहे, टोचते, पण माझ्यावर बसलेल्या माणसाला मी कधी खाली पडू दिलेलं नाही. लहान या, थोर या, तंबूत जागा पुष्कळ आहे. फक्त पायताण काढून बसा.